हरभऱ्याएवढी सासू

—थांबा सिस्टर, अजून एक निघाली बघा. ही पिन ब्लाउजची. मघाशी दिली ती पदराची, आणि मंगळसूत्राला अडकवलेल्या ह्या चार — ह्या माझ्या न्हाईतच म्हणा, ह्या गावाच्या हायत, बसमधी कुणाची चप्पल तुटली तरी पिन माझ्याकडंच मागत्यात. मशीन लोखंड ओढून घेतंय म्हणलाव म्हणून सगळं कबूल करायलेय, न्हाईतर ही शेवटची तर मी कुणाला दाखवली नसती. परकराची हाय. नाडी सकाळी निघायच्या वक्ताला तुटली. तुम्ही तो हिरवा झगा देणार न्हवं? मग घ्या. जोडवे मात्र निघंनात. चांदीचे हायत — तरी काढायचे? साबण द्या मग. आणि मंगळसूत्र ह्या रुमालात बांधून तुमच्या टेबलावर ठेवते, कुणी आलं तर त्यावर वही झाका. कुणी म्हणजे माझी सासू.

कुठं गेल्यात म्हणजे — शरणबसप्पाच्या गुडीला, देवळात. माझ्या नवऱ्याला संगं घेऊन, नारळ फोडायला. इतक्यात न्हाई यायच्या, त्यांना प्रत्येक पायरीला हात लावून कपाळाला लावायचा असतोय. तवर उरकंल ना आपलं? लिवा तुम्ही, लिवा. नाव विजयश्री, नवरा व्यंकट, गाव कोहिनूर, बसवकल्याण तालुका — नाव हिऱ्याचं आणि पिकतंय सोयाबीन. वय सव्वीस. तुम्ही आळंदच्या, मराठी बोलणाऱ्या निघालाव ते एक बरं झालं, अक्का. खाली खिडकीतल्या अण्णांनी सगळं कन्नडात विचारलं, कन्नड येतंय मला, बाजार करण्याएवढं येतंय, पण दुखण्याचं बोलायला लागलं की जीभ आपोआप मराठीत वळती.

पुढचं काय — गरोदर हाय का? हळू, अक्का. न्हाई लिवा. मोठ्यानं म्हणू नका, नुसतं लिवा. कामून म्हणजे — कोहिनुरात मला तिसरा महिना चालू हाय. ओटी बी भरून झाली. असं बघू नका माझ्याकडं, मी खोटं बोलले न्हाई. मी बोललेच न्हाई, तीच तर सगळी अडचण हाय.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही सगळे रानात गेलो होतो, भज्जी, आंबील, उंडे, पोट फुटंस्तोवर खाल्लं. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी चार दिवस बाजूला बसलेली. तेच शेवटचं. संक्रांत गेली, काही न्हाई. पुढचा महिना गेला, काही न्हाई. आणि एका सकाळी भाकरी थापताना ब्लाउज ओला. मला वाटलं परातीतलं पाणी उडलं. पाणी न्हवतं, दूध होतं. माझी ज्योती पाच वर्षांची हाय, अंगावरचं सुटून तिला तीन वर्षं झाली, आणि दूध. मी पदर ओढला, पण आमच्या आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची नजर — राजूबाई नाव त्यांचं, म्हैस गाभण हाय का न्हाई ते रस्त्याच्या पल्याडनं सांगत्यात. त्यांनी बोटाच्या पेरावर मोजलं, एकदा मोजलं, दोनदा मोजलं, आणि मला म्हणल्या, ऊठ, आजपासून भाकरी मी थापते. बाजूला बसायचे ते चार दिवस सोडले, तर सात वर्षांत पहिल्यांदा, अक्का. सात वर्षांत मी चुलीपुढनं उठले ती दोनच वेळा, एकदा बाळंतपणाला आणि एकदा विंचू चावला तवा.

व्हय, पट्टीवर तपासलं की मी. तेवढी अक्कल हाय. बसवकल्याणहून लपवून आणवली. एक रेघ. दुसऱ्या दिवशी दुसरी पट्टी, परत एकच रेघ. म्हणलं आता सांगावं. तर त्या दिवशी आत्याबाईंनी तेल कोमट केलं आणि मला पायापाशी बसवून डोक्याला लावलं. माझ्या डोक्याला दुसऱ्याचं बोट लागून किती वर्षं झाली असतील, सांगा — लग्नाच्या हळदीला लागलं तेवढंच. म्हणलं, उद्या सांगू. उद्या त्यांनी शेंगाच्या पोळ्या केल्या. शेंगाच्या पोळीपुढं कोण असलं बोलतंय? म्हणलं, परवा. परवा त्यांनी विचारलं, काय खावं वाटतंय. मला काहीच वाटत न्हवतं, पण त्या इतक्या आशेनं विचारायल्या — मी म्हणलं, गाभुळलेली चिंच. कलाबाईच्या झाडाची. कलाबाई म्हणजे आमच्या शेजारीण, सासूबाईंचं त्यांच्याशी बांधावरनं तीन वर्षं बोलणं बंद. गेल्या की माझ्यासाठी. चिंच बी आणली आणि भांडण बी मिटवून आल्या. आता तुम्हीच सांगा, मी खरं सांगून ते भांडण परत सुरू करू?

मग चोरओटी. तुमच्याकडं बी करत असतील, तिसऱ्या महिन्यात, दार लावून, गाजावाजा न्हाई, पाचच बायका, कुणाची नजर लागू नये म्हणून. आमच्या गावात चोरून करायचं म्हणजे गल्लीतल्या महानंदाला सांगायचं, कुणाला सांगू नको म्हणून. सकाळी सांगितलं, दुपारी पिठाच्या गिरणीवाला व्यंकटला पेढे मागायलाय. पाटावर बसले मी. हिरवं खणाचं कापड, गहू, खारीक, नारळ. पट्ट्या दोन्ही माझ्या पेटीत, साडीच्या घडीत, पाच हातांवर. नारळ ओटीत पडला तवा आत्याबाईंचे डोळे भरले आणि मला वाटलं, बाई, आता तर मेलीस. पाच सवाष्णींपुढं काय सांगू, उठा, घरी जावा, आत काही न्हाई?

आमचे मामा घरी असते ना, तर एवढं झालंच नसतं. मामा म्हणजे सासरे, अंकुशराव. ते महिन्याभरापासून उदगीरला लेकीकडं हायत, डोळ्याचं आपरेशन झालंय. ते काही बोलत न्हाईत कधी. बाहेर बाजेवर बसत्यात, आणि आत आत्याबाईंचं चालू झालं — ह्याला बोलावा, ते आणा, अमकं करा — की बाहेरनं एकदाच खोकत्यात. तेवढंच. आत्याबाई गप. तो खोकला गेला उदगीरला आणि आमच्या घरात डोहाळे सुरू झाले. हे मुद्दाम सांगायलेय बरं का, वरच्या डॉक्टरांनी मला जे समजावलं ते मला ह्याच्यावरनंच कळलं, न्हाईतर सातवी पासला काय कळतंय डोक्यातलं.

सांगू? लिवून झालं का तेवढं? व्यंकटला मी खरं सांगितलं होतं, पट्टीचं. तो आधी हसला, मग घाबरला, मग मला बसवकल्याणच्या बाईडॉक्टरकडं घेऊन गेला. तिनं रक्त काढलं. रक्तात दुधाचं काहीतरी वाढलेलं, जेवढं पाहिजे त्याच्या तिप्पट. म्हणली, गुलबर्ग्याला जा, हार्मोनच्या डॉक्टरकडं. ते तुमचे वरचे. भला माणूस, कागद पालथा घालून चित्र काढून दाखवलं. वर मेंदू, त्याच्या खाली एक देठ, देठाला लोंबती एक गाठ — गाठ म्हणजे ती गाठ न्हवं, देवानं दिलेली, सगळ्यांना असती, तुम्हाला बी हाय. हरभऱ्याएवढी. नाकाच्या मागं, पार आत, हाडाची छोटी वाटी असती, त्यात बसलेली. मी म्हणलं, एवढीशीच? तर म्हणले, एवढीशी हाय पण सगळं घर ती चालवती. म्हणलं, कळलं. सासू.

हसायलाव तुम्ही, पण खरंच तसं हाय. ती स्वतः उठून काही करत न्हाई. वाटीत बसून निरोप पाठवती, रक्तातनं. गळ्यात एक ग्रंथी हाय, तिला म्हणती, आग वाढव, अंग गार पडायलंय. मूत्रपिंडावर दोन टोप्या असत्यात म्हणे, त्यांना म्हणती, अंगावर काही आलं तर ताकद सोडा. पोरीला उंच कर, बाईची पाळी आण, अंडं पिकव, सगळं तिचंच. आणि त्या गळ्यातलीनं काम पुरतं केलं की रक्तातनंच उलटा निरोप येतोय, झालं बाई, बस. मग ही हाक मारायची थांबती. आमच्या आत्याबाई बी तशाच, पिठाचा डबा भरल्याचं दिसंस्तोवर दळण दळण म्हणून डोकं खात्यात, डबा भरला की गप. आणि त्या हरभऱ्याचा मागचा तुकडा तर मला लई आवडला. तो स्वतः काही बनवत न्हाई, वरनं मेंदूतनं आलेलं साठवून ठेवतोय आणि वेळेला सोडतोय. कळा यायचं तिथलंच, लेकरू रडलं की पान्हा फुटतोय ते बी तिथलंच. आत्याबाईंची पेटी बघा. उदगीरहून लेकीनं पाठवलेलं सगळं त्यात, आणि पाहुणा आला की त्यातला एक लाडू बाहेर.

आता खरी गंमत ऐका. बाकीच्या कामाला वरनं मेंदू ढोसतोय तवा ती निरोप पाठवती. दुधाचं उलटं. दुधाचा निरोप पाठवायला ती सदा तयारच, वरनं मेंदू तिला दाबून धरतोय, सारखं, दिवसभर, नको, नको, आत्ता नको. लेकरू पाजायचं असलं की मेंदू हात ढिला सोडतोय. मी डॉक्टरांना म्हणलं, म्हणजे मामांचा खोकला. त्यांना काय कळलं न्हाई, पण ते हो म्हणले. खोकला थांबला की ही सुटली, दुधाचे निरोपावर निरोप, आणि दूध पाजायच्या दिवसांत पाळी कशाला म्हणून पाळी बंद. पोटात कुणी न्हाई, मांडीवर कुणी न्हाई, आणि अंगाला वाटायलंय बाळंतीण हाय. म्हणजे अक्का, आमच्या घरात दोन सासवांना माझ्या लेकराची खात्री हाय, एक चुलीपाशी आणि एक नाकामागं.

मग खोकला कामून थांबला? तेच तर बघायचंय म्हणले ह्या फोटोत. त्यांनी विचारलं, डोकं दुखतंय का. म्हणलं, सासरी हाय, दुखणारच. दोन्ही बाजूचं नीट दिसतंय का, चालताना चौकटीला धडकताव का? म्हणलं, आमची चौकटच ठेंगणी हाय, सगळेच धडकत्यात. ते हसले आणि म्हणले, कधीकधी त्या हरभऱ्यात एक बारकी गाठ येती. ही दुसरी गाठ. बहुतेक साधी असती, कॅन्सरची न्हाई, बहुतेकींची नुसत्या गोळ्यांनी आकसती. एवढं सगळं सांगितलं त्यांनी. मला ऐकू आलं ते एकच, गाठ.

जोडवा निघाला बघा एक. दुसऱ्याला जरा साबण अजून.

तीन आठवडे झाले त्या शब्दाला. ज्योतीला मी बटणं लावायला शिकवलं. वरनं खाली लावायची, न्हाईतर एक बटण उरतंय. केस विंचरायला शिकवलं, वेणी न्हाई येत अजून, बोटं बारकी हायत, पण हेअरबँड लावती. ताटात वरणाच्या खाली मेथी लपवली की खाती, हे फक्त मला माहीत, ते वहीत लिवून ठेवलं. आणि काय काय लिवलं — पावसाळ्यात तिच्या कानाला फडकं, कुत्र्याला भिती पण सांगत न्हाई, झोपताना माझा अंगठा धरती, तर त्याच्या जागी काय द्यायचं ते सुचंना, ती ओळ तशीच सोडली. व्यंकटला वही दाखवली न्हाई. कुणालाच न्हाई दाखवली. तुम्हाला कामून सांगितली काय की. तुम्ही त्या कागदावर काही लिवायलाव ते हे न्हवं ना?

बरं, सोडा. त्या मशीनमधी डोकं सगळं आत जातंय? आणि ढोल वाजल्यासारखा आवाज येतोय म्हणे. फोटोत विचार दिसत न्हाईत ना, अक्का? म्हणजे महिनाभर जे तोंडात धरून ठेवलंय, ते कुठं पांढरं-काळं उमटलं, आणि व्यंकटनं घरी नेऊन उजेडात धरलं — न्हाई दिसत? मग हरकत न्हाई. आत्याबाईंना आम्ही फोटो काढायचाय एवढंच सांगितलंय. फोटोच की. कशाचा ते त्यांनी विचारलं न्हाई. नारळ बोलल्यात त्या, लेकरू धडधाकट दिसावं म्हणून.

काय राहिलं अजून? आपरेशन कधी झालंय का — न्हाई. टाके — बाळंतपणातले, ते लोखंडाचे नसत्यात ना? चालू औषधं — न्हाई. वरच्या डॉक्टरांनी बी विचारलं होतं, त्यांना बी हेच सांगितलं. मी गोळ्या खाणारी न्हाई. तापाची बी गोळी मी अर्धी मोडून घेते. रोजचं असं काहीच न्हाई, सकाळी उठलं की गॅसची तेवढी, आणि मग चहा.

न्हाई, ते औषध न्हवं. गॅसची गोळी ती. ती काय कागदावर लिवायची गोष्ट हाय का? आमच्या घरात सगळेच खात्यात, आत्याबाई, व्यंकट, मी. साखरेच्या डब्याशेजारी तिचा डबा. नवरात्रात नऊ दिवस उपास धरले, जळजळ सुटली, गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवसांची दिली. पाच दिवसांत इतकं बरं वाटलं, म्हणलं बंद कशाला करायची? मग दुकानातनं आणत गेले. आधी एक, आणि ह्या डोहाळ्यांत — शेंगाच्या पोळ्या, चिंच, उंडे — दोन. सकाळी एक, संध्याकाळी एक. दसऱ्यापासनं म्हणा. पाकीट? हाय की पिशवीत, ज्योतीच्या बिस्किटाखाली. हे घ्या. अर्धं संपलंय.

काय वाचायलाव एवढं? दोन औषधं असत्यात एकात, हे मला कुठं माहीत. एक जळजळीचं, बरं. दुसरं उलटीचं. मग? उलटी थांबवणं चांगलंच की — थांबा, थांबा, सावकाश सांगा. ते दुसरं औषध मेंदूचा हात — ते त्या हरभऱ्याला वरचं ऐकूच देत न्हाई? म्हणजे मामा बाहेर बसल्यात, खोकायल्यात, आणि आत हिच्या कानात कापूस? आणि तो कापूस मीच — रोज — दोन वेळा — चहाच्या आधी?

अक्का, कुठं निघालाव? वर जाऊ नका, डॉक्टर रागावतील, मी त्यांना न्हाई म्हणून सांगितलंय. अहो, पिना तर ठेवून जावा.

आलाव? बसा आधी, दम घ्या. रागावले? हसले? हसले म्हणजे कसं हसले — बरं. आज फोटो नको. गोळी आजपासनं बंद, जळजळीसाठी दुसरी लिवून देणार. पंधरा दिवसांनी परत रक्त. दुधाचं खाली आलं तर मशीनची गरजच न्हाई, पाळी बी आपोआप येईल. न्हाईच आलं खाली, तर हेच मशीन, हाच झगा. म्हणजे गाठ न्हाई असं न्हवं. बहुतेक न्हाई. बहुतेक. हा शब्द तीन आठवड्यांपूर्वी बी त्यांनीच म्हणला होता, तवा मला ऐकूच आला न्हवता.

न्हाई, रडत न्हाई मी. साबण डोळ्यात गेला.

द्या ते जोडवे. आणि रुमाल. पिना बी द्या, सगळ्या, मोजून सात होत्या. आठ? मग आठवी तुमची राहू द्या, आळंदच्या बसमधी कामाला येईल. ती वही मात्र मी घरी गेल्यावर — न्हाई, फाडणार न्हाई. पंधरा दिवस ठेवते. आणि त्यात मेथीचं खरंच हाय, ते व्यंकटला कळलं तर वाईट काय?

दार वाजलं का? त्याच हायत. चपलांचा आवाज ओळखते मी. बघा की, कपाळाला हळद, हातात अर्धा नारळ, आणि चेहरा कसा झालाय, जसं काय आतनं लेकराचं रडणं ऐकू येणार हाय. व्यंकट मागं उभा राहून मला डोळ्यानं विचारायलाय, मी काय सांगू त्याला. महिनाभर खोकणारं कुणी न्हवतं घरात. आता मलाच खोकावं लागतंय.

आत्याबाई, या, हितं बसा. पाणी प्या आधी. न्हाई, नारळ ओटीत नका घालू, हातातच ठेवा. सगळं ठीक हाय, माझं ठीक हाय. एक विचारू का? तुम्ही आज सकाळची गॅसची गोळी घेतलाव का?

अक्का, तुम्ही आता जावा आत. आणि दार ओढून घ्या.